जोत्याखालची रेघ

वास्तूचे मोजून रेखाटन करणाऱ्याच्या कागदावर सर्वांत जाड रेघ जमिनीची असते आणि पाहणाऱ्याचे लक्ष सर्वांत कमी तिच्याकडेच जाते. इमारत वरपासून खालपर्यंत कापली आहे अशी कल्पना करून तिची आतली रचना दाखवणाऱ्या चित्राला उभा छेद म्हणतात. त्यात कापलेल्या भिंती तिरप्या समांतर रेषांनी भरायच्या, पलीकडे दिसणारे खांब आणि कोनाडे हलक्या हाताने काढायचे आणि जोत्याखाली एक ठाम आडवी रेघ ओढून इमारत इथे संपली, भुई इथे सुरू झाली असे जाहीर करायचे, हा संकेत या कामातले सगळे निमूटपणे पाळतात. वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात, ती रेघ कुठे ओढावी हे प्रस्तुत लेखकाला अजून ठरवता आलेले नाही.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीशी, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धाशी, जोडले जाणारे हे मंदिर रचलेले नसून डोंगरात खोल चर खणून, मधला काळ्या पाषाणाचा ठोकळा मोकळा करून, वरून खाली कोरत आणलेले आहे. शिखर आधी झाले आणि जोते शेवटी. अंगण सुमारे 276 फूट लांब आणि 154 फूट रुंद आहे, मागचा कडा 100 फुटांहून उंच आहे, आणि ही मापे घेणे दमवणारे असले तरी त्यात कोडे काही नाही. कोडे आहे ते सुमारे 25 फूट उंचीच्या भरीव जोत्यात, ज्याच्या पोटातून हत्ती आणि सिंह अर्धे बाहेर आलेले आहेत. त्यांतल्या एखाद्या हत्तीच्या पायाशी बसून पाहिले तर नखांची गोलाई संपते तिथे अंगणाचा तळ लागतो, पण मध्ये सांधा नाही, चुना नाही, थर बदलल्याची खूणही नाही. दगडातली एखादी बारीक शीर पायातून सरळ तळात उतरते आणि तळातून पुढे कड्याकडे निघून जाते. मंदिर, अंगण आणि डोंगर हा एकच दगड असल्यामुळे छेद भरणाऱ्या तिरप्या रेषा शिखरापासून गाभाऱ्याच्या भिंतींतून जोत्यात आणि जोत्यातून खाली जातच राहतात, आणि त्यांना थांबवायला कारण सापडत नाही.

ज्या मंदिराचा आदर्श कैलासाच्या शिल्पींसमोर होता असे अनेक अभ्यासक मानतात, त्या पट्टदकलच्या विरूपाक्षाच्या छेदात हा पेच पडत नाही, कारण तिथे वालुकाश्माचे चिरे एकावर एक बसवलेले आहेत आणि सर्वांत खालचा चिरा हाच शेवट असतो. महाबलीपुरमचे रथ कैलासासारखेच अखंड दगडातले, पण त्यांतल्या काहींचे खालचे भाग अपुरे राहिले आहेत. तिथे रेघ टाळली तरी दोष कोरणाऱ्यांवर ढकलता येतो. कैलासात ती सोय नाही. शिल्पींनी आपले काम पायाच्या नखापर्यंत नेले, आणि रेघ ओढायचे काम तेवढे रेखाटणाऱ्यावर टाकले. जागतिक वारसा यादीत वेरूळ 1983 साली, महाबलीपुरम 1984 साली आणि पट्टदकल 1987 साली आले, आणि ही तिन्ही स्थळे एकाच सहलीत उरकून परतणारे वास्तुकलेचे विद्यार्थी तिघांच्या छेदांखाली तीच जाड रेघ सारख्याच बेफिकिरीने ओढतात, याची चीड येण्याचे वय प्रस्तुत लेखकाने केव्हाच गाठलेले आहे.

नव्या यंत्रांविषयीही त्याचे मत फारसे उदार नाही. प्रकाशकिरण फेकून पृष्ठभागावरचे लाखो बिंदू टिपणारे मोजणीयंत्र कैलासाची जी प्रतिमा देते ती हाताच्या कोणत्याही चित्राहून अचूक असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिच्यात रेघच नसते, आणि ज्याला रेघ ओढायची नाही त्याला काही ठरवावेही लागत नाही. छायाचित्रकारांचे त्याहून सोपे असते, कारण संध्याकाळचे तिरपे ऊन त्यांचे निम्मे काम करून जाते. पुण्याच्या गंगाराम तांबटाने 1790च्या दशकात, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची चित्रे काढली, आणि या विषयात हेवा वाटावा असा एकमेव प्रतिस्पर्धी तोच. त्याची काही चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, ही गोष्ट प्रस्तुत लेखक इतरांना जितक्या अभिमानाने सांगतो तितकीच ती त्याला मनातून डाचते.

हा सगळा विचार आता नव्याने करावा लागतो आहे, याचे कारण हात. एका श्वासात, पट्टी न लावता, कागदाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत रेघ नेणे ही या हाताची ख्याती होती. बोटांत कंप शिरल्यापासून ती रेघ मध्येच थरथरते आणि जोत्याखालची ठाम घोषणा चाचरल्यासारखी दिसते. पट्टी वापरणे हा साधा उपाय आहे, परंतु इतरांच्या पट्टीवर इतकी वर्षे नाक मुरडल्यानंतर तो घेणे जड जाते. रेघ गाळण्याची तात्त्विक गरज नेमकी हात डळमळू लागल्यावर पटावी, हा योगायोग संशयास्पद आहे, आणि तो संशय सर्वांत आधी प्रस्तुत लेखकालाच आलेला आहे.

सोबत काम करणाऱ्या तरुण शिष्येने सुचवलेला मार्ग असा की जमिनीची रेघ मुळीच काढू नये आणि छेदाच्या तिरप्या रेषा हत्तीच्या पायांखालून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत न्याव्यात. अलीकडचा एक कागद तसा भरून पाहिला, आणि जोते प्रथमच डोंगराच्या मालकीचे दिसले. अडचण एवढीच की स्थळ, प्रमाण आणि रेखाटणाऱ्याचे नाव लिहायची जागा त्या कडेलाच असते. हा मजकूर कागदाच्या पाठीवर लिहावा, असे शिष्येचे म्हणणे आहे. स्थळ आणि प्रमाण पाठीवर लिहायला प्रस्तुत लेखकाची हरकत नाही. परंतु चित्र चौकटीत बसवून भिंतीला लावल्यावर पाठीवरची सही कोण वाचणार, या मुद्द्यावर तो कागद अजून बिनसहीचा आहे.