फोटो काढायला एमएस्सी कशाला?

माझी भाची रेडिओलॉजीत एमएस्सी करते आहे असं सांगितलं की समोरच्याचा दोनपैकी एक समज होतो. एक तर ती डॉक्टर होणार, नाहीतर ती एक्स-रेचं बटण दाबते. पहिला समज झाला तर लोक मुबारकबाद देतात. दुसरा झाला तर विचारतात, "फोटो काढायला एमएस्सी कशाला?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात इतक्या जणांनी विचारला की त्याचं उत्तर एकदा नीट लिहावं असं वाटलं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान माझा विषय नाही. इथे जे लिहिते आहे ते भाचीला खोदून खोदून विचारून समजून घेतलेलं आहे.

आधी हा घोळ मिटवू. एक्स-रे किंवा सीटी पाहून आजाराचं निदान लिहितात ते रेडिओलॉजिस्ट. ते एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. पण ते जी प्रतिमा पाहतात ती तयार करतो तंत्रज्ञ, म्हणजे टेक्नॉलॉजिस्ट. पेशंटला कसं झोपवायचं, किरण किती सोडायचे, श्वास कधी रोखायला सांगायचा, हे सगळं त्याच्या हातात असतं. बारावी विज्ञान शाखेतून झाल्यावर पदविका करता येते, किंवा साधारण तीन वर्षांचा बीएस्सी अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यानंतर दोन वर्षांची एमएस्सी. २०२१ साली संसदेने अशा आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात या शाखेचाही समावेश आहे.

भाचीने बीएस्सी पूर्ण केली आणि सांगलीच्या एका निदान केंद्रात दोन वर्षं नोकरी केली. पगार वेळेवर येत होता. आपा आणि दुल्हेभाई समाधानी होते. दुल्हेभाईंचं छोटं गॅरेज आहे. घरात हातभार लागत होता आणि रिश्तेही येऊ लागले होते. अशा वेळी तिने पुढे शिकायचं म्हटल्यावर घरात शांतता पसरली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात बीएड केलेली मी एकटी.

मी तिला एकटीला विचारलं, "नोकरी आहे, पदवी आहे. मग अडलंय कुठे?"

तिने सांगितलं ते असं. एक दिवस केंद्रावर पाच वर्षांचं मूल आलं. पडलं होतं, डोक्याचा सीटी करायचा होता. मशीनवर मोठ्या माणसाचं सेटिंग होतं. तिला ठाऊक होतं की मुलांच्या वाढत्या शरीरावर किरणांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो, म्हणून मात्रा कमी ठेवायची असते. तिने वरिष्ठाला तसं म्हटलं. तो म्हणाला, "चालतंय की, फोटो छान येतो." मग त्याने विचारलं, "किती कमी करू, सांग." "खाला," ती म्हणाली, "मला सांगता आलं नाही. फार कमी केलं असतं तर डोक्यातला बारीक रक्तस्राव दिसला नसता. कमी करायचं एवढं माहीत होतं, किती आणि कसं ते माहीत नव्हतं."

मला वाटतं, फोटो काढायला एमएस्सी कशाला याचं उत्तर इथेच आहे. बटण कुठलं दाबायचं ते पदविकेतही शिकवतात. ते तितकंच का, कमी का नाही, हे ठरवायला आणि दुसऱ्याला पटवून द्यायला त्याच्या मुळाशी जावं लागतं. सीटीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. छातीच्या साध्या एक्स-रेत शरीराला ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा मिळते. छातीच्या सीटीत तीच साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट होते. जमीन, हवा, आकाश यांतून जगात कुठल्याही माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिळतात. म्हणजे सीटीला घाबरून तो टाळायचा नाही, पण विनाकारणही करायचा नाही, आणि करायचा तर गरजेपुरत्याच मात्रेत.

एमआरआयमध्ये असे किरण मुळीच नसतात, पण तिथला धोका वेगळा. तिथलं चुंबक दिवसरात्र चालू असतं, पेशंट नसला तरी. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण मशीनकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. भाची सांगते, आपल्या बायका आल्या की ती हिजाबच्या पिना, केसांतले आकडे आणि ताबीज आधी मोजून बाहेर काढून ठेवते. ताबीजाची पेटी कशाची आहे ते पेशंटलाही माहीत नसतं. साध्या एक्स-रेतही असं काही ना काही असतंच. जाड वेणी खांद्यावरून छातीवर आली तर फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी सावली पडते, आणि मोठ्या माणसांत क्षयरोगाचे डाग बऱ्याचदा तिथेच दिसतात. वेणी वर बांधायला सांगितलं नाही, तर एखादीला नसलेल्या आजाराच्या चिंतेत आठवडा काढावा लागतो.

घरातला दुसरा प्रश्न जास्त अवघड होता, आणि तो कोणी उघड बोलत नव्हतं. शेवटी एका रिश्त्याच्या बोलणीत मुलाच्या फुफीने तो विचारला. "मुलगी किरणांत काम करते. पुढे मूलबाळ होण्यात काही अडचण?" आपा गप्प झाली. अम्मीच्या मनातही तेच होतं.

ही भीती उगाच आलेली नाही. रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, तेव्हा ते किती घातक ठरू शकतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवातीच्या काळात या किरणांत उघड्या हातांनी काम करणाऱ्या कित्येकांचे हात गेले, काहींचे जीव गेले. मेरी क्युरी आयुष्यभर किरणोत्सर्गात वावरल्या, पहिल्या महायुद्धात एक्स-रेच्या गाड्या घेऊन आघाडीपर्यंत गेल्या, आणि १९३४ साली रक्ताच्या आजाराने वारल्या. आजचे नियम अशा लोकांच्या हानीतून शहाणपण घेऊन बनले आहेत.

भाचीने त्या रात्री घरातल्या सगळ्यांना बसवून समजावलं. एक्स-रेचं मशीन बंद केलं की किरण थांबतात, खोलीतला बल्ब विझवल्यासारखे. ते कपड्यांत, केसांत किंवा अंगात साठून घरी येत नाहीत. मशीन चालू असताना ती भिंतीआड किंवा शिशाच्या काचेमागे असते. आत थांबावंच लागलं तर शिशाचा एप्रन घालते आणि शक्य तितकी लांब उभी राहते, कारण अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते. छातीला टीएलडी नावाचा छोटा बॅज असतो. तिला किती किरण लागले ते त्यात नोंदलं जातं आणि दर तीन महिन्यांनी त्याची तपासणी होते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे या कामात माणसाला सलग ५ वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा चालत नाही, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. बाई गरोदर असल्याचं तिने कळवलं की पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात मर्यादा १ मिलिसिव्हर्टची, आणि कामही त्याप्रमाणे बदलून दिलं जातं. मग तिने आपल्या बॅजचे दोन वर्षांचे अहवाल पुढे ठेवले. नोंद घेण्याजोगा आकडा एकाही तिमाहीत नव्हता. दुल्हेभाईंनी चष्मा लावून एकेक कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "त्यांना दाखवायचे का?" आपाने विचारलं. "विचारतील तर दाखवू," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तो रिश्ता तिथेच थांबला.

अम्मीचा मात्र होकार नव्हता. तिचं म्हणणं, पोरगी शिकली, कमवती झाली, आता घर बसू दे.

त्यानंतर काही महिन्यांनी अम्मीच्या छातीत गाठ लागली. "लागली" म्हणते, पण ती अम्मीला आधीच माहीत होती आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा डॉक्टरांनी मॅमोग्राफी सांगितली. या तपासणीत कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात. तंत्रज्ञाला हाताने अंग धरून मशीनच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवावं लागतं, तेही दोन्ही बाजूंनी आणि वेगवेगळ्या कोनांतून. अम्मीने एकच विचारलं, "आत कोण असतो?" भाचीने चौकशी केली. ज्या ठिकाणी बाई तंत्रज्ञ होती तिथेच आम्ही तिला नेलं. गाठ साधी निघाली, अल्हमदुलिल्लाह. घरी आल्यावर अम्मीने तपासणीबद्दल एवढंच सांगितलं, "त्या मुलीने ओढणी काढायला सांगितली, पण आधी दरवाजा लावला."

भारतातल्या स्त्रियांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. आत कोण असेल या विचाराने किती जणी घरीच बसत असतील, हे आपण आपल्या घरांवरून ओळखू शकतो. भाची आणखी एक गोष्ट सांगते. पोटाचा एक्स-रे किंवा सीटी काढण्यापूर्वी बाईला पाळीची तारीख विचारावी लागते, दिवस गेलेले नाहीत ना याची खात्री करायला. समोर पुरुष असला आणि बाजूला सासू उभी असली की बायका "नाही, नाही" म्हणून मोकळ्या होतात. ती सासूबाईंना बाहेर बसवते, दार लावते आणि मग विचारते. खरं उत्तर तेव्हा मिळतं.

चार दिवसांनी अम्मी आपाला म्हणाली, "जाऊ दे तिला. दोन वर्षं म्हणजे किती? दोन रमजान." आणि तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या दोन बांगड्या काढून दिल्या.

पैशांचं तेवढ्याने भागलं नाही. दुल्हेभाईंना व्याजाचं कर्ज नको होतं. तिची दोन वर्षांची बचत, आपाची भिशी आणि त्या बांगड्या मिळून पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह झालं. दुसऱ्या वर्षासाठी ती सुट्टीत एका केंद्रावर रात्रपाळी करते. ज्यांना कर्ज घ्यायचं असेल त्यांनी राज्य शासनाच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळात शैक्षणिक कर्जाची चौकशी जरूर करावी. घेणं न घेणं हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय.

मुलींना या वाटेने पाठवताना काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एमएस्सी झाली म्हणून पगार लगेच दुप्पट होत नाही. लहान केंद्रांना पदवीपेक्षा स्वस्त माणूस हवा असतो. एमएस्सीचा उपयोग मोठ्या रुग्णालयांत वरच्या जागांसाठी, महाविद्यालयात शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी होतो. आखाती देशांत जायचं तर तिथली परवाना परीक्षा वेगळी द्यावी लागते. सोनोग्राफी शिकून आपलं केंद्र टाकू असं कोणी म्हणत असेल, तर आपल्याकडे कायद्याने ती तपासणी पात्र डॉक्टरांकडेच आहे, हे आधी समजून घ्यावं. प्रवेशापूर्वी कॉलेजला विद्यापीठाची मान्यता आहे का ते पाहावं. विद्यार्थ्यांना सीटी आणि एमआरआयवर प्रत्यक्ष किती काम मिळतं हेही विचारावं. नुसत्या वर्गात बसून हे शिक्षण होत नाही.

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या प्रबंधाचा विषय लहान मुलांच्या डोक्याचे सीटी हाच आहे. मशीन प्रत्येक तपासणीची मात्रा स्वतः नोंदवून ठेवतं. त्या नोंदी वयाप्रमाणे मांडून ती पाहते आहे की कुठे मात्रा गरजेपेक्षा जास्त जाते आणि ती किती उतरवली तरी डॉक्टरांना हवं ते दिसतं. परवा फोनवर म्हणाली, "खाला, पाच वर्षांच्या मुलाचं आता मला सांगता येतं." लग्नाची बोलणी नव्याने सुरू आहेत. या वेळी पहिल्याच भेटीत तिने स्वतःच सांगितलं की ती काय शिकते, रात्रपाळी असते, आणि पुढेही काम करणार आहे. मुलाच्या आईने विचारलं, "मॅमोग्राफी तूच करतेस?" ती हो म्हणाली. मग त्या दोघी बराच वेळ आतल्या खोलीत बोलत बसल्या. उत्तर अजून यायचं आहे. अल्लाह बेहतर करो.