डिस्नेनगरीत बिनदुधाचे चार दिवस

परगावी जायचं म्हटलं की पुरुषमंडळींच्या डोक्यात तिकिटं असतात आणि आपल्या डोक्यात डबे! मग प्रवास अक्कलकोटचा असो की अमेरिकेचा. त्यातून बरोबर 'व्हीगन' माणूस असेल तर विचारूच नका.

ज्यांची मुलं किंवा भाचरं परदेशात आहेत त्यांच्या कानांवर हा शब्द आला असेलच. तसा तो नवा नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये निघालेला. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधसुद्धा नाही. म्हणजे वरणभातावरची तुपाची धारही बाद!

माझ्या ताईची मुलगी पंधरा वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिनं दूध सोडलं. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आणि मी अटलांटाला ताईकडे गेलो, तेव्हा आईनं साजूक तुपातले बेसनलाडू नेले होते. नातीनं डबा हळूच परत सरकवला. "आजी, मला चालत नाहीत गं." आई बोलली काहीच नाही, पण त्यानंतर दोन दिवस कढईला तिनं हात लावला नाही. आपल्या हातचं नातीनं नाकारलं, हे दुःख तुम्हांला वेगळं समजावून सांगायला नको. ताई बिचारी दोघींच्या मध्ये. अशा वातावरणात आम्ही मोटारीनं फ्लोरिडाला, ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड पाहायला निघालो. सातशे किलोमीटरची वाट आणि पुढे चार दिवस एका टेबलाशी जेवायचं!

वाटेतच पहिला प्रसंग आला. रस्त्यावरच्या एका खाणावळीत भाचीनं चीज नको म्हणून सांगितलं, तर पाव लोण्यात भाजून आला. वाढणाऱ्या मुलीला लोणी हे दूधच वाटत नव्हतं. तिकडे 'व्हेजिटेरियन' म्हटलं तरी अंडं, चीज चालतं असं धरतात आणि भाजीचं सूपही कोंबडीच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं. तेव्हा नुसतं 'शाकाहारी' सांगून भागत नाही. दूध नको, लोणी नको, अंडं नको, असं एकेक नाव घ्यावं लागतं.

डिस्ने वर्ल्ड ही एक बाग नव्हे, जवळजवळ शंभर चौरस किलोमीटरची नगरीच आहे. मॅजिक किंगडम १९७१ साली सुरू झालं, मग १९८२ साली एप्कॉट, १९८९ साली हॉलिवुड स्टुडिओज आणि १९९८ साली ॲनिमल किंगडम. एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या पुढे. पाळणे, मिरवणुका, आतषबाजी यांची वर्णनं तुम्ही खूप वाचली असतील, ती मी करत नाही. मला नवल वाटलं ते एका छोट्या हिरव्या पानाचं. २०१९ पासून तिथल्या उपाहारगृहांच्या पत्रकावर मांस, दूध, अंडी, मध यांपैकी काही नसलेल्या पदार्थापुढे हे पान छापतात. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यासारखंच, पण दुधाच्याही पलीकडचं. भाची पान शोधून पटकन बोट ठेवी, आणि ताईच्या कपाळावरची आठी सुटे.

आणखी एक सोय आपल्या जातीच्या बायकांनी लक्षात ठेवावी. घरचं खाणं आत नेता येतं! काचेची बरणी, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही. गरम करावा लागणारा पदार्थही नेऊ नये. झटपट खाण्याच्या दुकानांत बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. फ्लोरिडाचा उन्हाळा आणि दुपारची धो धो सर सोसायची, तर तो मागायला लाजू नये.

तिसऱ्या दिवशी एकादशी आली. परदेशात काय तिथी पाळायची, असं ताईचे यजमान म्हणाले खरे, पण आईनं आदल्याच दिवशी खोलीवर दाण्यागुळाचे लाडू वळून ठेवले होते. मॅजिक किंगडममध्ये आम्ही सावली पाहून बसलो. आईनं डबा उघडला. भाचीनं विचारलं, "आजी, यात तूप आहे?" आई म्हणाली, "दाण्याला स्वतःचंच तेल सुटतं, तूप कशाला लागतं?" पोरगी तीन लाडू खाऊन मोकळी झाली! मग तिनं अननसाचं ते प्रसिद्ध 'डोल व्हिप' आणलं. त्यात दूध नसतं, मात्र व्हॅनिलाबरोबर मिसळून दिलेलं घेऊ नये, त्यात असतं. आजीपुढे धरलं तर आई म्हणाली, "त्यात काय काय घातलंय कोण जाणे, मला नको." पोरीनं आग्रह केला नाही. जरा वेळानं म्हणाली, "आजी, तुझी एकादशी महिन्यातून दोनदा, माझी रोज." आई हसली नाही, पण विचारात पडली. साबुदाणा चालतो, पोहे का नाही, असं आम्ही तिला कधी विचारलंय? घरात तिचं ताट वेगळं वाढलं जातं, तेही किती सहज!

ॲनिमल किंगडममधल्या सातुली कॅन्टीनमध्ये भाताच्या वाडग्यावर कुरकुरीत टोफू मिळतो, सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणा ना. पोट भरतं. एप्कॉटमध्ये अकरा देशांची दालनं आहेत, त्यांत भारत नाही. तिथे जपानी रश्शात मासा असतो, मेक्सिकन घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबीही असू शकते, तेव्हा पान पाहिल्याखेरीज काही घेऊ नये.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त चौकशी करावी लागली ती आपल्या जेवणाची. ॲनिमल किंगडम लॉजमधल्या 'साना'त भारतीय चवीच्या रोट्या आणि चटण्यांचं मोठं ताट मिळतं. खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. पण नान म्हटलं की दही-तूप आलंच. अशा बसून जेवायच्या ठिकाणी साठ दिवस आधी जागा राखता येते, आणि तेव्हाच पथ्य कळवावं. ऐनवेळीही आचाऱ्याशी बोलायचं आहे म्हणून सांगता येतं. आमच्या पोरीनं न संकोचता सांगितलं. आपण असतो तर 'राहू दे, मी भातच खाईन' म्हणून गप्प बसलो असतो!

माझं दूध काही सुटणार नाही, चहाशिवाय मला वर्गात उभं राहवत नाही. पण घरात अशी मुलगी असेल तर डाळी, सोयाबीन, तीळ, दाणे तिच्या पोटात जाऊ द्या आणि डॉक्टरांना विचारून बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी चालू करा. ते वनस्पतींतून मिळत नाही, त्यात हयगय नको.

परतीच्या वाटेवर आईनं नातीला विचारलं, "तेलातली शेव चालते ना? आणि गुळपापडी तेलात केली तर गं?" ताईनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. गुळपापडी तेलात कशी लागते, मला माहीत नाही. आई करून बघणार आहे.