मिटत्या पंखांचे विमान

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले, तेव्हा इंग्लंडमध्ये लष्कराची कितीतरी विमाने शिल्लक होती. तरीही नागरिकांना उड्डाण शिकणे दुरापास्तच होते. ती विमाने सैनिकांसाठी घडविलेली. त्यांचे इंधन आणि देखभाल खासगी माणसाला परवडणारी नव्हती.

जेफ्री डी हॅविलंड यांनी या हौशी शिकाऊ माणसाचा विचार केला. अडचण इंजिनाची होती. लहान इंजिने दुबळी, मोठी महागडी. तेव्हा फ्रँक हाल्फर्ड या अभियंत्याने युद्धातून उरलेल्या रेनॉ इंजिनाचे भाग वापरले. आठ सिलिंडरांऐवजी चारच ठेवून सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन सिद्ध केले. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन येथून नवे विमान आकाशात झेपावले.

लाकडी सांगाडा, एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या आणि एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. दोन्हीकडे सारखीच नियंत्रणे. शिष्य चुकला तर गुरूने सावरावे. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी असल्याने इंधन आपल्याच भाराने खाली उतरे, पंपाची गरज नसे. शिवाय पंख मागे दुमडता येत, त्यामुळे विमान छोट्याशा शेडमध्येही मावे. डी हॅविलंड यांना फुलपाखरे व पतंग जमविण्याचा छंद होता. पंख मिटून बसणाऱ्या या यंत्राला त्यांनी ‘मॉथ’, म्हणजे पतंग, हे नाव दिले. इतके समर्पक नाव क्वचितच एखाद्या यंत्राला लाभले असेल.

सरकारी साहाय्याने निघालेल्या फ्लाइंग क्लबांनी मॉथ स्वीकारले. १९२८ च्या सुमारास भारतातही असे क्लब सुरू झाले. मुंबईत जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळविला. अर्थात, टाटांना शुल्काची चिंता नव्हती. स्वस्त झालेले उड्डाणही गरिबाच्या आवाक्याबाहेरच होते.

पण दुसरी एक भिंत मात्र ढासळली. १९३६ साली लाहोरच्या क्लबमध्ये एकवीस वर्षांच्या सरला ठकराल शिकत होत्या. घरी चार वर्षांची मुलगी होती. एके दिवशी त्या साडी नेसूनच ‘जिप्सी मॉथ’च्या उघड्या बैठकीत चढल्या. या खेपेला गुरूची बैठक रिकामी होती. विमान धावले आणि एकट्या सरलाबाईंना घेऊन जमिनीवरून उचलले गेले.