विंचू की पोलो?

गेल्या वर्षी दोन महिने आमच्या घरात एकाच विषयावर खल चालला होता. रोज कामावर जाण्यासाठी एक वापरलेली गाडी घ्यावयाची, हे ठरले होते. रक्कम ठरली होती, साडेसहा लाख, त्यावर एक रुपयाही नाही. प्रश्न फक्त दोन गाड्यांचा उरला होता. एक फियाटची अबार्थ पुंटो आणि दुसरी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. दोन्ही दिसायला साध्या, पाच दरवाजांच्या छोट्या गाड्या; परंतु दोघींच्याही पोटात टर्बोचे इंजिन. सिनेमातल्या दोन माणसांच्या स्पोर्ट्स कार आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या खिशात बसत नाहीत. त्या जातीची मजा सामान्य माणसाला परवडेल अशा रूपात आपल्याकडे आली ती या अशा गाड्यांतून.

वाचकहो, आधी आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे ही श्रीमंतांची चर्चा आहे असा गैरसमज व्हावयाचा नाही. आम्ही दोघेही नोकरदार. देहूरोडला राहतो. एकाची नोकरी चाकणच्या कारखान्यात, दुसऱ्याची शिक्रापूरकडील शाळेत. सकाळी एकत्र निघायचे, चाकणला एकाने उतरायचे, दुसऱ्याने गाडी पुढे न्यायची. संध्याकाळी त्याच्या उलट. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. वेळ तीन तास, आणि चाकणच्या तळेगाव चौकाची मर्जी फिरली तर चार. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर वर्षाला आठशेहून अधिक तास आम्ही गाडीत काढणार. घरात जागेपणी आम्ही दोघे एकत्र इतके तास बसत नाही.

नातलगांचे म्हणणे वेगळे होते. मामा म्हणाले, "अरे, एवढ्या पैशात सात माणसं बसतील अशी गाडी येते. लग्नाकार्याला उपयोगी पडेल." आत्यांनी तर सरळच विचारले, "दोघांच्या पगारावर हे शर्यतीचं खूळ कशाला?" त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात पंखा घेतला तो उन्हाळ्यात म्हातारी माणसे तळमळत म्हणून, कुकर घेतला तो रॉकेल वाचावे म्हणून, आणि सायकल घेतली ती वडिलांना डेपोच्या भोंग्याला पोहोचता यावे म्हणून, त्या घरात "आवडते म्हणून" हा शब्द खरेदीच्या यादीत कधी आलाच नव्हता. वडील देहूरोडच्या डेपोत सायकलने जात. ती सायकल त्यांना आवडत होती की नाही, हे त्यांना कोणी विचारले नाही. त्यांनीही स्वतःला विचारले असेल असे वाटत नाही. आमचे शिक्षणाचे कर्ज फिटले, वडिलांच्या आजारपणाचे देणे फिटले, मग कुठे आम्ही हा प्रश्न स्वतःला विचारू शकलो. आठशे तास ज्या यंत्रात बसावयाचे, ते चालवताना मन प्रसन्न राहावे असे वाटणे हे खूळ आहे काय? आम्हाला तसे वाटले नाही. परंतु आवड मान्य केली म्हणजे हिशेब सुटत नाही, आणि खरी ओढाताण तेथेच झाली.

गंमत अशी की या दोन्ही गाड्या आमच्या शेजारच्याच. पोलो बनत होती चाकणच्या कारखान्यात. तो कारखाना २००९ साली सुरू झाला. पुंटो बनत होती रांजणगावला. चाकणहून शिक्रापूरकडे जो रस्ता जातो तोच पुढे नगर रस्त्याला लागून रांजणगावला पोहोचवतो. म्हणजे एक जर्मन आणि एक इटालियन, पण दोघी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यानेच आमचा रोजचा प्रवास. आज मात्र दोन्ही बंद झाल्या आहेत. फियाटने २०१९ साली भारतातील आपल्या मोटारी थांबवल्या, पोलो २०२२ साली थांबली. तेव्हा नवी घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आता अबार्थविषयी. हे नाव कार्लो अबार्थ या गृहस्थाचे. जन्म व्हिएन्नाचा, १९०८ चा. १९४९ साली त्याने इटलीत आपली कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून गाडीवर विंचवाचे चिन्ह. (राशीवर आमचा काडीचाही विश्वास नाही, पण चिन्ह झकास आहे हे कबूल करावे लागते.) १९७१ साली ही कंपनी फियाटकडे गेली. आपल्याकडे अबार्थ पुंटो आली २०१५ साली. इंजिन १३६८ सीसीचे, ताकद १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, गिअर हाताने टाकावयाचे, पाच. त्या किमतीत एवढी ताकद त्या काळी दुसरी कोणतीच छोटी गाडी देत नव्हती.

आम्ही पाहिलेली अबार्थ वाघोलीची होती. मालक तरुण, गाडीवर जीव असलेला. त्याला शेजारी बसवून आणि आईला मागे घेऊन आम्ही नगर रस्त्याने निघालो. पहिले काही मिनिटे आम्हाला काही विशेष वाटले नाही. उलट क्लच जड वाटला. परंतु रस्ता मोकळा झाला, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर गेले, आणि टर्बोने जोर धरला तेव्हा पाठीला सीटने असे काही ढकलले की आम्ही दोघेही हसू लागलो. वेगमर्यादा ओलांडण्याची गरजच पडली नाही. मजा वेगात नव्हती, वेग घेण्यात होती. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचे, हायड्रॉलिक. रस्त्याची खडी न् खडी हाताला कळत होती. ब्रेक असे की पाय ठेवला की गाडी ऐकते. आमच्या मते, चालवण्याच्या आनंदात पोलो तिच्या जवळपासही येत नाही. हे आम्ही आजही म्हणतो.

पेरणे फाट्याला विजयस्तंभापाशी नेहमीप्रमाणे थांबलो. आईला उतरायचे होते. मागच्या सीटवर पुढे गुडघ्यांना जागा कमी, खिडकीची कड उंच, आत काळोखी. आणि तिचे दोन्ही गुडघे दुखरे. एक पाय बाहेर काढून ती तशीच बसून राहिली, मग दरवाजाला धरून उठली. म्हणाली, "गाडी चांगली आहे. पण मला पुढं बसवायचं, हे आधी ठरवून घ्या." मालकाला हसू आले, आम्हाला नाही.

परत येताना गावांतले गतिरोधक मोजले. अबार्थ साध्या पुंटोपेक्षा खाली बसवलेली आहे. जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर. चार माणसे आत आणि खाली खडबडीत रस्ता, म्हणजे दर गतिरोधकाला पोट सांभाळून तिरके घ्यावे लागते. स्प्रिंगाही कडक. रविवारी कामशेतच्या चढावर याच कडकपणाचे कौतुक वाटेल. सोमवारी सकाळी शिक्रापूरच्या रस्त्यावर तोच कडकपणा कंबरेत उतरेल.

पोलोचे सर्व याच्या उलट. इंजिन ११९७ सीसीचे, ताकद १०५ अश्वशक्ती. म्हणजे विंचवापेक्षा चाळीस घोडे कमी. मागच्या चाकांना साधे ड्रम ब्रेक. परंतु गिअर आपोआप बदलतात, आणि तेही इतक्या चटकन की शेजारी बसलेल्याला कळतसुद्धा नाही. या गिअरबॉक्सला डीएसजी म्हणतात. त्यात दोन क्लच असतात. एका क्लचवर एक, तीन, पाच, सात हे गिअर, दुसऱ्यावर दोन, चार, सहा. एका गिअरमध्ये गाडी चालू असताना पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून ताकदीत खंड पडत नाही. चाकणच्या चौकात डाव्या पायाला काही कामच नाही. ज्याने तळेगाव चौकात पाऊण तासात सव्वाशे वेळा क्लच दाबला आहे, त्यालाच या सुखाची किंमत कळेल.

पण हेच या गाडीचे दुखणेही आहे. यातले क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. गर्दीत इंचाइंचाने गाडी सरकवत राहिले की ते तापतात आणि झिजतात. गिअर बदलणारा जो मेंदू आत असतो, ज्याला मेकाट्रॉनिक म्हणतात, तो बिघडला तर बदलण्याचा खर्च लाखाच्या वर जातो. २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीमुळे ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. हे वाचून आमच्यापैकी एकाने पोलोवर फुलीच मारली होती. दुसऱ्याने ती पुसली, ती अशी : साडेसहा लाखांची गाडी घ्यायचीच नाही, साडेपाचची घ्यायची आणि उरलेला लाख बँकेत वेगळा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. बिघडला गिअरबॉक्स तर तयारी आहे, न बिघडला तर पैसे आपले.

सुरक्षिततेचेही पाहिले. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ साली आपल्याकडील पोलोची धडक चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅगवालीला चार. त्यानंतर कंपनीने सर्वच पोलोंना दोन एअरबॅग देणे सुरू केले. जीटी टीएसआयमध्ये शिवाय घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा आहे. अबार्थमध्ये ती नाही. पावसाळ्यात चाकणच्या मातीने माखलेल्या रस्त्यावर १४५ घोडे पुढच्या दोन चाकांवर आणि त्यांना आवर घालणारे फक्त चालवणाऱ्याचे पाऊल, हा विचार आम्हाला रुचला नाही.

पेट्रोलचा हिशेब आम्ही वहीत मांडला. मालक मंडळींना विचारता अबार्थ लिटरला दहाच्या आसपास देते, पोलो साडेतेरा. महिन्याला २४०० किलोमीटर, म्हणजे एकीला २४० लिटर, दुसरीला १७८. पेट्रोल १०४ रुपये धरले तर फरक सहा हजार चारशे. वर्षाला पाऊण लाखाच्या पुढे. आता पंपावर जे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यासाठी या दोन्ही गाड्या बनलेल्या नाहीत. तेव्हा मायलेज थोडे आणखी घटणार हे दोघींनाही सारखेच लागू.

एवढे सगळे होऊनही, खरे सांगायचे तर, वही बाजूला ठेवून आम्ही अबार्थच घेतली असती. पाऊण लाख जास्त लागले असते तर कुठेतरी काटकसर केली असती. आम्हाला थांबवले ते एका साध्या प्रश्नाने. संध्याकाळी शिक्रापूरहून चाकणकडे गाडी एकट्यानेच आणावी लागते. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. दोन्ही बाजूंना मालट्रकांच्या रांगा, मध्ये लांबलांबपर्यंत थांबावे अशी जागा नाही. तेथे गाडी बंद पडली तर? पोलोचे सुटे भाग आणि तिला जाणणारे मेकॅनिक चाकण-पिंपरी भागात गल्लोगल्ली आहेत. हजारो पोलो अजून रस्त्यावर आहेत. साध्या पुंटोचे भागही मिळतात, पण अबार्थपुरते जे वेगळे, त्यातले काही शोधावे लागतात. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे त्याला तीन आठवडे वाट पाहता येते. आमच्या घरी दुसरी गाडी म्हणजे पीएमपीएमएलची बस, आणि दहावीच्या परीक्षेचा दिवस बससाठी थांबत नाही.

पोलो शोधतानाही डोळे उघडे ठेवावे लागले. एका जुन्या गाड्यांच्या दुकानात ६१ हजार किलोमीटरची म्हणून चकाचक गाडी दाखवली. सर्व्हिसची जुनी नोंद मागवली तर चार वर्षांपूर्वीच ८२ हजार झालेले! दुकानदार म्हणाला, मीटर बदलले असेल. आम्ही चहा न घेताच उठलो. ज्यांना अशी गाडी घ्यावयाची असेल त्यांनी एवढे अवश्य करावे : गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, रात्रभर थांबलेली. चढावर उभी करून ब्रेक सोडावा आणि हळूच पुढे घ्यावी. पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसका बसला तर समजून घ्यावे. जाणत्या माणसाकडून संगणक लावून गिअरबॉक्सच्या नोंदी वाचून घ्याव्यात. जे कोणी अबार्थ घेतील त्यांनी टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचे बिल मागावे. तोंडी उत्तरावर जाऊ नये. आणि आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर ते उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नावावर करण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्यानंतर.

शेवटी निगडीच्या एका निवृत्त गृहस्थांची २०१७ ची पोलो जीटी मिळाली. पाच लाख चाळीस हजार. पुढच्या सीटवर आईला बसवून पाहिले, उतरवून पाहिले. "हं, हे जमतंय," ती म्हणाली.

आज आठ महिने झाले. एकोणीस हजार किलोमीटर. चौकात पुढच्या गाडीशी मुद्दाम अंतर ठेवतो, जागा झाली की एकदाच पुढे जातो, इंचाइंचाने सरकत नाही. मागचे लोक भोंगे वाजवतात, वाजवू द्यावेत. बँकेतला लाख अजून तसाच आहे. सकाळी चाकण सुटल्यावर रस्ता थोडा मोकळा मिळाला की चालवणारा गिअरचा दांडा 'एस'कडे ओढतो, आणि दोन-तीन मिनिटे ही साधी दिसणारी गाडी आम्हाला पुरेशी मजा देते. अबार्थएवढी नव्हे.

वाघोलीच्या त्या तरुणाने आपली गाडी नंतर विकलीच नाही. आम्ही नको म्हणून कळवले तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं सर, माझंही मन होत नव्हतं." तो ती फक्त रविवारी काढतो, कामावर मोटारसायकलने जातो.