तिथं आमचं काय काम?

कचेरीतून चार दिवसांची रजा टाकून पोळ्याला पांढुर्ण्याला गेलो होतो. माझी मावसबहीण तिथं दिलेली. नागपूरहून शंभरेक किलोमीटर, मध्य प्रदेशातलं गाव. पण घरात, बाजारात मराठी ऐकू येते. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, शेजारचं सौंसरही त्यात आलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस! सांगतात ते असं, की पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली. दोघं नदीत असताना दोन्हीकडून दगड आले. त्याची ही आठवण. आजवर माणसं मेलीही आहेत, पण थांबत नाही.

सतरा वर्षांचा भाचा सकाळीच नदीवर पळाला. पंधरा वर्षांची भाची माझ्याबरोबर गच्चीवर. खाली पाहावं तिकडे पोरगेच. मी विचारलं, "तुला नाही जावंसं वाटत?"

"मामाजी, तिथं आमचं काय काम?"

तिने दगड मारावेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण आठवण एका मुलीचीही, आणि नदीवर मुलगी नाही... पुढे सौंसरला गेलो तिथंही तेच. मैदानावर पोरांचं क्रिकेट, पारावर नुसतीच बसलेली पोरं. मुली दिसल्या त्या सायकलवर, पाठीला दप्तर, क्लासला निघालेल्या.

आपण गोंयकार म्हणू, आमच्याकडे तसं नाही. पौषात धालोच्या मांडावर पुरुषाचं काम नसतं. खरंच, पण त्या वर्षातल्या मोजक्या रात्री! शिल्पा फडके, समीरा खान, शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक 2011 साली लिहिलं. बाहेर दिसायचं तर बाईला काहीतरी काम दाखवावं लागतं, हे त्यांचं म्हणणं.

घरी परतलो. लेक म्हणाली, "बाबा, मैत्रिणींबरोबर कांपालच्या बागेत जाते."

"कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बसायला."

मुलाला हा प्रश्न मी कधी विचारल्याचं आठवत नाही. "जा, पण सातच्या आत घरी ये," म्हटलं. मुलालाही तेच सांगायला हवं होतं. ते मात्र राहिलंच.