मरणाची पळवाट

‘डायव्हर्जंट’ मालिकेची नायिका ट्रिस पडद्यावर अजून जिवंत आहे. व्हेरोनिका रॉथनं २०१३च्या ‘अलीजंट’ या शेवटच्या पुस्तकात तिला मारलं. भावाच्या वाट्याचं मरण ती अंगावर घेते, जीवघेण्या विषातूनही तगते आणि गोळी लागून जाते. या एका पुस्तकाचे दोन चित्रपट काढायचं ठरलं. २०१६चा पहिला आपटला, दुसरा निघालाच नाही. जिच्यासाठी वाचकांनी आकाशपाताळ एक केलं, जिच्यापायी लेखिकेला जाहीर खुलासा करावा लागला, ती पोरगी तिकीटबारीच्या कृपेनं वाचली. वाचकांचं म्हणणं, तिला मारायला नको होतं. या तक्रारीचा रोख मला चुकलेला वाटतो. ट्रिस मेली, मरो. पण मागे उरलेल्या तिच्या प्रियकराची, टोबायसची, अडीच वर्षं, पाचशेहून जास्त पानांच्या पुस्तकात, उपसंहाराच्या मोजक्या पानांत उरकली, त्याचं काय?

कुमारवयीनांच्या कादंबरीत नायक किंवा नायिका मेली की लेखकाला कठोर म्हणायची रीत आहे. मला तर ती सवलत वाटते, आणि ती लेखक स्वतःलाच देतो. सोळाव्या वर्षी मेलेलं प्रेम सोळाचंच राहतं. त्याला शहर बदलावं लागत नाही, कंटाळा येत नाही, दुसरं कुणी आवडत नाही. यावर कुणी विचारेल, दुखण्याच्या गोष्टीत मरण टाळणार कसं? जॉन ग्रीनच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’मध्ये (२०१२) हेझल आणि ऑगस्टस दोघांनाही कॅन्सर आहे आणि ऑगस्टस जातो. पण त्या पुस्तकाचं खरं बळ हेझलच्या हट्टात आहे. तिची लाडकी कादंबरी वाक्याच्या अधेमध्येच तुटते आणि ती थेट अ‍ॅमस्टरडॅमला लेखकाच्या दारात जाऊन थडकते. विचारते काय, तर नायिकेच्या आईचं पुढे काय झालं, हॅम्स्टरचं काय झालं. सगळे प्रश्न उरलेल्यांचे. आपल्यामागे आपल्या आईबापांचं काय होईल, हेच तिला दुसऱ्याच्या पुस्तकातून काढून घ्यायचं आहे. लेखक उत्तर देत नाही, उलट अपमान करतो. अपुऱ्या शेवटाबद्दल वाचक का चिडतो, याची इतकी नेमकी फोड मी समीक्षेत क्वचित वाचली आहे.

फिलिप पुलमननं मात्र ही सवलत घेतली नाही. ‘द अँबर स्पायग्लास’च्या (२०००) शेवटी लायरा आणि विल दोघंही धडधाकट आहेत, बारा-तेराच्या आतबाहेरची, नुकती प्रेमात पडलेली, फक्त दोघांची जगं वेगळी. जगाजगांमधल्या उघड्या खिडक्यांतून, जिच्यावर सगळी जाणीव तगते ती ‘धूळ’ गळते आहे, तेव्हा खिडक्या बुजवायलाच हव्यात. मी तुझ्या जगात येतो, म्हणे विल. मी तुझ्या, म्हणे लायरा. पण परक्या जगात माणूस दहाएक वर्षांत झिजून मरतो आणि हे मरण दुसऱ्यासाठी पत्करू द्यायला दोघंही तयार नाहीत. मग कळतं की एक खिडकी, एकच, उघडी ठेवता येईल. क्षणभर दोघं हरखतात. आणि लगेच दोघांच्याही लक्षात येतं की ती खिडकी मृतांच्या देशातून बाहेर पडणाऱ्यांची आहे. ती त्यांनीच उघडून दिलेली आहे. इथे एक आक्षेप नेहमी येतो: नियम लेखकाचेच, मग हवा तसा एखादा सैल करायला काय हरकत होती? हरकत अशी की परक्या जगात खंगलेला विलचा बाप मालिकेच्या दुसऱ्याच भागात, १९९७ साली, येऊन गेला होता. रक्कम आधीच लिहिलेली होती, शेवटी फक्त वसूल झाली. पुढे दोघांनी करायचं ते एवढंच: दरवर्षी उन्हाळ्यातल्या एका ठरल्या दिवशी, भर दुपारी, आपापल्या ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधल्या एकाच बाकावर तासभर बसायचं. खऱ्या ऑक्सफर्डमध्ये ते बाक आहे. वाचक त्यावर दोघांची नावं कोरत आले आणि २०१९मध्ये त्याच्यामागे शिल्पही बसवलं गेलं. लाकूड खराब करू नये हे खरं, पण या कोरणाऱ्यांवर मला रागावता येत नाही.

आपल्याकडे मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’तही कुणाला मरावं लागत नाही, नायकाच्या मनातली शिरोडकर नुसती निघून जाते. कुमारांसाठी म्हणून ती लिहिलेली नाही, तरी या यादीत मी तिला वर ठेवेन. यादीचं टोक मात्र त्याहून जुनं आहे. शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे मराठीत घरची झालेली ज्यो शेजारच्या लॉरीला नकार देते, तेव्हा आड काहीच येत नसतं: ना आजार, ना गोळी, ना दुसरं जग. तिला तो नवरा म्हणून नको असतो, बस. मूळ कादंबरीच्या १८६८च्या पहिल्या भागानंतर मुलींनी लुइसा मे ऑल्कॉटकडे ज्यो-लॉरीच्या लग्नाचा धोशा लावला आणि तिनं हट्टानं तो मोडला. कोवळ्या वाचकांना एवढं कडू कशाला, असं म्हणणाऱ्यांनी एक पाहावं. नकाराच्या त्याच दुसऱ्या भागात ज्योची बहीण बेथ मरते. बेथसाठी पिढ्यान्‌पिढ्या रडल्या आणि लेखिकेला माफ करून मोकळ्या झाल्या. लॉरीचं भांडण दीडशे वर्षांनीही मिटलेलं नाही. राहिला प्रोफेसर बेअर. ज्योला बिनलग्नाची लेखिका ठेवायचं ऑल्कॉटच्या मनात होतं आणि वाचकांच्या रेट्यापुढे तिनं हा पोक्त जर्मन उभा केला. तिथे ती नमली, आणि तिथेच पुस्तक मला लंगडं वाटतं.