झाडीपट्टींतील एक रात्र

साकोली तालुक्यांतील एका खेड्यांत माझी भाची राहते. गतवर्षीं मंडईच्या सुमारास तिचा निरोप आला, "मामा, तुमचे नट येताहेत, या खेपेस चुकवूं नका." माझे नट म्हणजे झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील एक वयोवृद्ध गायक. चाळीस वर्षांपूर्वीं मीं त्यांचें गाणें प्रथम ऐकलें, तें मंडपाच्या कुंपणाबाहेर उभा राहून. शाळामास्तरानें असल्या नाटकांस जाऊन बसावें, हें आमच्या वडिलांस रुचण्यासारखें नव्हतें.

पुण्यामुंबईकडील वाचकांस भंडारा म्हटलें कीं पितळेचीं भांडीं आणि तांदूळ एवढेंच आठवतें. परंतु भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या ज्या भागास झाडीपट्टी म्हणतात, तेथें दिवाळी सरून धान घरांत आलें कीं नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा-देसाईगंज हें या मंडळ्यांचें मुख्य ठाणें. २०२३ सालीं या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हां कोठें दूरच्या लोकांचें इकडे लक्ष वळलें.

भंडाऱ्याहून एस. टी.नें साकोलीस व तेथून पुढें भाचीच्या गांवीं पोहोंचलों, तेव्हां दिवस मावळला होता. तलावाच्या पाळीखालीं, कापणी झालेल्या बांध्यांत मंडप उभा होता. जमीन उतरती खणून बैठक केलेली. मातीवर तणस अंथरलेलें. पुढें रंगविलेला पडदा आणि त्याखालीं ऑर्गन व तबला. दहाच्या पुढें नाटक सुरू व्हावयाचें व पहाटे संपावयाचें, हा येथील परिपाठ. बायका लेंकरांसह घोंगड्या घेऊन येत होत्या.

बसल्या बसल्या मनांत एक विचार आला. भवभूतीचें मूळ गांव पद्मपूर हें आमगांवजवळचें, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. आमगांव आज गोंदिया जिल्ह्यांत असलें, तरी १९९९ पर्यंत तें भंडारा जिल्ह्यांतच होतें. आणि या कवीचीं नाटकें कालप्रियनाथाच्या यात्रेंत झालीं, हें त्यांच्या प्रस्तावनांतच सांगितलेलें आहे. तें मीं वर्षानुवर्षें मुलांना शिकविलें. यात्रेंतील नाटक संस्कृतांत असलें तर तें वंद्य, आणि माझ्या शेजारच्या शेतांत झालें तर कुंपणाबाहेरून ऐकण्याजोगें, हा न्याय कोठला?

मध्यरात्रीनंतर ते वृद्ध नट रंगभूमीवर आले. मला भय वाटत होतें, कीं चाळीस वर्षें जपलेला स्वर आज आपल्या डोळ्यांदेखत नाहींसा होईल. आणि झालेंही तसेंच. पदाच्या दुसऱ्या चरणांत, तारसप्तकाकडे जातांना, आवाज फाटला. ऑर्गनवाल्यानें तो सूर हलकेंच धरून ठेवला. बैठकींत कोणी हंसलें नाहीं. कोणी खांकरलेंही नाहीं. म्हातारे क्षणभर थांबले, खालच्या सप्तकांत उतरले, आणि तेंच पद शब्दाशब्दाचा अर्थ उलगडीत जणूं बोलल्यासारखें म्हणूं लागले. तारुण्यांत त्यांच्या गळ्यानें मला मोहिलें होतें. पद मात्र मीं त्या रात्रीं प्रथमच ऐकलें.

पहाटे नाटक संपल्यावर मी मंडपामागें गेलों. शेकोटीजवळ ते रंग पुशीत बसले होते. पायांस हात लावूं लागलों, तों त्यांनीं माझे हात धरले. मीं कुंपणाची हकीकत सांगून क्षमा मागितली.

ते हंसून म्हणाले, "कुंपनाजवळ उभे राहनारे आमाले वरून दिसत जी मास्तर. तुमाले आत बलावाची आमचीच हिंमत नोती."

यावर काय बोलावें, हें मला सुचेना. इतकीं वर्षें मी त्या कुंपणास माझेंच समजत होतों. तें दोन्हीं बाजूंनीं धरलेलें होतें.

येत्या मंडईस घरांतील सर्व मंडळींस, सुनानातवंडांसह, तेथें घेऊन जाण्याचा माझा मानस आहे. तिकिटें काढून आम्ही आंत, तणसावर बसणार आहों.